वाकडी चांदणी: पुण्यातील एका घराच्या नाताळ सजावटीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वानवडी भागात राहणाऱ्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाचे असून ते २०२४ च्या नाताळात घडले. कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ते येथे मांडले आहे. घरात सहा माणसे आहेत: चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा, सत्तरीच्या आजी, त्यांचा मुलगा आणि सून, बारा वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू. आजोबा कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले, तर आजींची सगळी नोकरी परिचारिका म्हणून झाली. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात. मी त्याच सोसायटीत राहते आणि बरीच वर्षे शाळेत कार्यानुभव हा विषय शिकवल्यामुळे कागद, कात्री आणि मुले यांच्याशी माझा जुना परिचय आहे. या कामात मला मध्यावर बोलावले गेले, त्यामुळे पहिल्या आठवड्यातले जे लिहिले आहे ते घरातल्या प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून जुळवलेले आहे.

या घरात दर वर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी, गॅलरीत बांबूच्या कामट्यांची आणि पतंगी कागदाची पाच टोकांची चांदणी लागते. ती आजोबा एकटे करीत. बांबू उभा चिरण्यापासून दिवा लावण्यापर्यंत दुसऱ्या कोणाचा हात त्यांना चालत नसे आणि ते काम इतके नेमके होत असे की कोणी हात लावावा असे कोणाला वाटतही नसे. आकाशकंदील करणाऱ्या कोणत्याही मराठी घराला या कामातली प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटेल. तीच कामटी, तोच कागद, तीच मैद्याची खळ. फरक आहे तो फक्त आकाराचा. गेल्या दोन वर्षांत मात्र आजोबांचा कंपवात वाढला आणि २०२३ साली चांदणी झालीच नाही. बाजारातून आणलेली प्लास्टिकची माळ गॅलरीत लागली.

अडचण

नोव्हेंबरच्या शेवटी सुनेने ठरवले की या वर्षी सजावट घरीच आणि सगळ्यांनी मिळून करायची. हेतू चांगला होता. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून तिने नऊ वस्तूंची यादी केली, ज्यात चांदणी, कागदी साखळ्या, गव्हाणी (म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा), काचेच्या बरणीतला बर्फ, थर्मोकोलचा हिममानव आणि आणखी काही वस्तू होत्या. थर्मोकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी असल्याची आठवण नातीने शाळेतल्या प्रकल्पाच्या आधारे करून दिली, तेव्हा हिममानव यादीतून गेला. कापसाचा बर्फ आजींनी काढून टाकायला लावला. दिव्याच्या तारेजवळ मोकळा कापूस ठेवणे त्यांच्या परिचारिकेच्या नजरेला मान्य होणे शक्यच नव्हते.

रविवारी, १ डिसेंबरला, काम सुरू झाले. कामट्या आदल्या दिवशी बुरुड आळीतून आणि कागद अप्पा बळवंत चौकातून आणला होता. आजोबा मदतीला उठू लागले तेव्हा मुलगा म्हणाला, "पप्पा, तुम्ही फक्त बसा आणि बघा. आम्ही करतो." या वाक्यात काळजी होती, आदरही होता. परंतु पुढे जे बिघडले त्याची सुरुवात याच वाक्यापासून झाली, असे माझे मत आहे.

मुलाने सांगाडा दोन तासांत उभा केला. दोऱ्याऐवजी प्लास्टिकचे केबल टाय वापरले आणि पुढच्या-मागच्या चौकटींमधले टेकू अंदाजाने कापले. सांगाड्याला किंचित पीळ पडला होता, पण कागद लावल्यावर तो दिसणार नाही असे समजून काम पुढे ढकलले गेले. बुधवारी संध्याकाळी नातवाने एका बाजूला कागद चिकटवला. त्याला सुरकुत्या पडल्या आणि एका टोकाशी तो फाटला. फाटलेल्या जागी त्याने हिरव्या कागदाचा एक तुकडा लावला आणि त्याला 'पोपट' असे नाव दिले. मुले झोपल्यावर आईने ती सगळी बाजू ओल्या फडक्याने सोडवून काढली आणि नवा कागद स्वतः नीट लावला.

गुरुवारी सकाळी शाळेचा डबा भरला जात असताना नातू गॅलरीत गेला आणि परत येऊन त्याने विचारले, "माझा पोपट कुठे गेला?" आईने सांगितले की कागद सुटला होता म्हणून परत लावला. त्यावर तो काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून तो कामाच्या टेबलाजवळ फिरकला नाही. बोलावले की "मला झोप आली आहे" असे म्हणून आत जात असे. शुक्रवारपर्यंत आईच्या कागदालाही त्याच जागी सुरकुत्या पडल्या होत्या. मुलगा वैतागून म्हणाला की कॅम्पातून तयार चांदणी आणू आणि हा विषय संपवू.

शनिवारी, ७ डिसेंबरला, सुनेने मला बोलावले. चांदणी दुरुस्त कशी करायची, एवढाच तिचा प्रश्न होता.

दोष नेमका कोठे होता

चांदणी हातात घेतल्यावर पहिल्यांदा मीही चूक केली. खळ पातळ झाली असावी, असे मी बोलून गेले. तेव्हा आजोबांनी खुर्चीतूनच सांगितले, "खळ चांगली आहे. टेकू मोजा." आम्ही मोजले. पाच टेकूंपैकी सर्वांत आखूड साडेनऊ सेंटीमीटरचा आणि सर्वांत लांब १२ सेंटीमीटरचा निघाला.

हे समजण्यासाठी चांदणीची रचना थोडी पाहावी लागते. सारख्या लांबीच्या पाच कामट्या एकीवरून एक, एकीखालून एक अशा गुंफून एक पंचकोनी तारा होतो. असे दोन तारे एकमेकांवर ठेवून फक्त पाच टोकांशी बांधतात आणि मग आतल्या पाच कोनांमध्ये, दोन ताऱ्यांच्या मधोमध, आखूड टेकू बसवतात. टेकूंमुळे मध्यभाग फुगतो आणि टोके निमुळती राहतात. टेकू असमान असतील तर समोरचा पंचकोन एका पातळीत राहत नाही. पतंगी कागद ओल्या खळीने थोडा सैल पडतो आणि वाळताना ताणून बसतो. पण पीळ पडलेल्या चौकटीवर तो एका कोपऱ्यात ताणला जातो आणि समोरच्या कोपऱ्यात सुरकुततो. म्हणजे सुरकुत्यांचा सहा वर्षांच्या मुलाच्या हाताशी काहीही संबंध नव्हता. त्याने कागद ठीकच लावला होता. आईने रात्री जागून दुरुस्त केले ते त्याचे काम, आणि जे बिघडले होते ते बाबांचे काम तसेच राहिले.

मी आजोबांना विचारले की हे आपल्याला केव्हा लक्षात आले. ते म्हणाले, "रविवारीच. पण मला बघायला सांगितलं होतं, बोलायला नाही." हे त्यांनी रागाने म्हटले नाही. खोलीत थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही आणि मग मुलाने स्वतः उठून केबल टाय कापायला घेतले.

विचारात घेतलेले पर्याय

त्या दुपारी चार मार्ग समोर होते. पहिला, तयार चांदणी विकत आणणे. त्यात वेळ वाचला असता आणि शनिवारी २१ डिसेंबरला चर्चमधले तरुण कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, गात घरी येणार होते तेव्हा गॅलरी उजळलेली दिसली असती. आजींचा कल थोडा त्या बाजूला होता, कारण गेल्या वर्षी "यंदा स्टार नाही का?" हा प्रश्न त्यांना अनेकांनी विचारला होता. दुसरा, मुलाने एकट्याने रात्री बसून सांगाडा नीट करणे. तिसरा मार्ग मी सुचवला: मोठी चांदणी मोठ्यांनी करावी आणि नातवाला त्याची स्वतःची छोटी चांदणी करायला द्यावी. मुलांच्या वर्गात ही युक्ती मी अनेकदा वापरली आहे. आजींनी ती ताबडतोब नाकारली. त्यांचे म्हणणे असे होते की वॉर्डात रुग्णाला गुंतवून ठेवण्यासाठी दिलेले काम आणि खरे काम यांतला फरक रुग्णाला लगेच कळतो, मग मुलाला का कळणार नाही. त्या बरोबर होत्या आणि मी तो पर्याय मागे घेतला.

चौथा मार्ग म्हणजे सांगाडा पहिल्यापासून करणे आणि काम अशा रीतीने वाटणे की प्रत्येकाच्या वाट्याच्या कामावाचून चांदणी उभीच राहणार नाही. यात वेळ जास्त लागणार होता आणि चांदणी आजोबांच्या जुन्या चांदणीसारखी रेखीव होणार नव्हती, हे दोन्ही आधीच मान्य करावे लागणार होते. रेखीवपणाचा मुद्दा सर्वांत जड गेला तो सुनेला, आणि ते स्वाभाविक होते. घराची गॅलरी रस्त्यावरून दिसते. शेवटी यादीतल्या उरलेल्या वस्तूंपैकी चांदणी, गव्हाणी आणि कागदी साखळ्या एवढ्याच ठेवायच्या आणि बाकी सर्व सोडायच्या, या अटीवर चौथा मार्ग ठरला. माझ्या मते यादी छाटणे हा या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय होता.

प्रत्यक्ष काम

नवी कामटी ६० सेंटीमीटर लांबीची घेतली. आजोबांनी सांगितले की प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटीमीटरवर खूण करा. या खुणा म्हणजे कामट्या एकमेकींना जिथे छेदतात त्या जागा; मधे १४ सेंटीमीटर उरतात आणि तीच आतल्या पंचकोनाची बाजू. नातीने हे कागदावर आखून पाहिले. तिची आकडेमोड बावीस दशांश नऊवर आली आणि आजोबांचा वर्षानुवर्षांचा आकडा त्याच्याशी जुळला, याचा दोघांनाही फार आनंद झाला. दहा कामट्यांवर वीस खुणा झाल्या. पेन्सिल आजोबांच्या हातात थरथरत होती, म्हणून पट्टी नातू दाबून धरी आणि आजोबा पट्टीच्या कडेला टेकवून रेघ ओढत. नातू या कामाला का तयार झाला हे सांगायला हवे. त्याला कोणीही समजावले नाही. आईने त्याच्याजवळ बसून एवढेच म्हटले, "तुझा पोपट मी काढला. मी तुला विचारायला हवं होतं." त्यावर त्याने लगेच काही उत्तर दिले नाही, पण पंधरा मिनिटांनी तो टेबलाशी आला.

बांधणीचा प्रश्न वेगळा होता. आजोबांना गाठ मारता येत नव्हती आणि केबल टाय त्यांना मान्य नव्हते, कारण ते कामटीला एका बाजूने दाबतात आणि छेद सरकतो. नातीने रबरबँड सुचवले. उन्हात रबर सडते म्हणून आजोबांनी तेही नाकारले. मग दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. छेदावर आधी रबरबँडचे दोन वेढे घालायचे, म्हणजे सांगाडा हलता राहतो. आजोबांनी नजरेने आणि बोटाने तो सरळ करून घ्यायचा. मग नातीने त्यावर सुती दोऱ्याची फुलीची बांधणी करायची. कंप पावणारी बोटे गाठ मारू शकत नसली तरी कामटी दोन मिलिमीटर इकडे सरकवू शकतात, आणि इथे गरज नेमकी तेवढीच होती. पाच टेकू मुलाने करवतीने कापले, ११ सेंटीमीटरचे, आणि प्रत्येक टेकू पट्टीवर धरून वडिलांना दाखवला. चौथा टेकू आजोबांनी परत केला. तो एक मिलिमीटरने लांब होता.

खळ आजींकडे होती. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर सतत हलवत पारदर्शक होईपर्यंत शिजवायची. पूर्वी किडामुंगी लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालीत. मोरचूद विषारी असते आणि सहा वर्षांच्या मुलाचे हात त्या खळीत कोपरापर्यंत जाणार होते, म्हणून आजींनी ते वगळले आणि खळ रोज ताजी केली. पातळ थर कामटीला लावायचा, कागदाला लावायचा नाही, हे त्यांनी नातवाला दोनदा दाखवले.

१४ आणि १५ डिसेंबरला कागद लागला. पुढची बाजू नातवाची, मागची नातीची आणि कडेच्या दहा अरुंद पट्ट्या आईच्या. वरच्या टोकाजवळची एक पट्टी दिवा बदलण्यासाठी मोकळी ठेवली. आजोबांच्या काळात आत साधा बल्ब असे आणि कागद तापून पिवळा पडत असे. या वेळी तपकीर गल्लीतून छोटा एलईडी दिवा आणि होल्डर आणला. होल्डर वरच्या टोकाशी असा बांधला की दिवा कागदापासून सर्व बाजूंनी दूर राहील.

नातवाच्या बाजूला दोन ठिकाणी कागद फाटला. त्याने आईकडे पाहिले. आईने हिरवा कागद पुढे केला.

गव्हाणी

नाताळच्या गव्हाणीची प्रथा संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो येथे केलेल्या देखाव्यापासून पसरली असे मानतात. पुण्यातल्या या घरात मात्र गव्हाणी दिवाळीच्या किल्ल्याच्या सामानातून झाली. शेजारच्या काकूंकडे किल्ल्याचे पोते, विटांचे तुकडे आणि चाळलेली माती पडून होती. पोते मातीच्या काल्यात बुडवून विटांवर पसरले की डोंगर होतो, हे पुण्यातल्या मुलांना शिकवावे लागत नाही. बुधवारी, १८ डिसेंबरला, त्यावर मोहरी पेरली आणि चोवीस तारखेपर्यंत हिरवे गवत वर आले. सुरूच्या झाडाखालची बोराएवढी काटेरी फळे वेचून त्यांची झुडपे केली.

येथे एक निर्णय अचानक घ्यावा लागला. नातवाने किल्ल्यावरचे दोन मावळे आणून गोठ्याच्या दाराशी उभे केले. आजींना ते योग्य वाटले नाही. येशूच्या जन्माच्या देखाव्यात भालाईत कशाला, असे त्या म्हणाल्या. नातवाचे उत्तर होते, "ते पहारा देतात." आजी काही वेळ विचार करीत राहिल्या. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ रात्री आपल्या कळपाची राखण करीत होते असे आहे, हे त्यांनीच मग सांगितले आणि मावळे तेथेच राहू दिले, मात्र गोठ्यापासून हातभर दूर, मेंढरांजवळ. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांच्या मूर्ती टीव्हीच्या कपाटावर ठेवल्या आणि ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे त्यांच्या भेटीच्या सणापर्यंत, त्या रोज थोड्या पुढे सरकवण्याचे काम नातवाकडे गेले. बाळ येशूची मूर्ती चोवीस तारखेच्या रात्री प्रार्थनेनंतर आजोबांनी ठेवली, दोन्ही हातांनी.

कागदी साखळ्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. त्या झाल्या, आणि दिवाणखान्यात लागल्या.

निष्पत्ती

चांदणी १९ डिसेंबरला टांगली गेली, म्हणजे घरच्या रिवाजापेक्षा अठरा दिवस उशिरा. टांगताना कोणती बाजू रस्त्याकडे करायची हा प्रश्न निघाला. नातीची बाजू स्वच्छ होती. सुनेने नातवाला विचारले. त्याने आपली बाजू रस्त्याकडे हवी असे सांगितले, म्हणजे कॅरल गाणाऱ्या दादांना पोपट दिसतील. पोपट आता दोन होते. आजी त्या क्षणी नाराज होत्या आणि त्यांनी ते लपवले नाही, पण निर्णय बदलला नाही. २१ तारखेला रात्री आलेल्या मुलांपैकी एकाने विचारले की ही हिरवी पाने कोणती, तेव्हा नातवाने त्याला दुरुस्त केले.

कागद वाळल्यावर समोरची बाजू सपाट बसली. एका टोकाला थोडी घडी राहिली आहे. सांगाडा मात्र सरळ आहे, आणि आजोबांनी तो हातात फिरवून पाहिल्यावर "चालेल" असे म्हटले, जे त्यांच्या तोंडून क्वचित येते असे मुलाने मला सांगितले. सगळेच सुरळीत झाले असे मात्र नाही. दुसऱ्या आठवड्यात मुलाला दोन संध्याकाळ कामामुळे येता आले नाही आणि त्या दोन्ही दिवशी काम थांबले, कारण टेकू त्याचेच होते. नात शेवटच्या रविवारी कंटाळली होती आणि मागच्या बाजूच्या दोन त्रिकोणांना तिने घाईने कागद लावला, ते दिसते.

वेगळे काय करता आले असते

पहिला प्रश्न १ डिसेंबरच्या वाक्याचा आहे. मुलाने वडिलांना बसायला सांगितले नसते तर असमान टेकू पहिल्याच दिवशी पकडले गेले असते. येथे नुसते "सांगा बरं" म्हणणेही पुरेसे झाले असते असे मला वाटत नाही, कारण ज्याच्या हातात काम नाही तो माणूस सहसा सूचना करीत नाही, विशेषतः आपल्याच मुलाला. मापे घेण्याचे काम आजोबांकडे पहिल्या दिवशीच असायला हवे होते.

दुसरा प्रश्न बुधवारच्या रात्रीचा आहे. सुनेने कागद काढण्याआधी सकाळपर्यंत थांबणे आवश्यक होते, आणि थांबली असती तर सुरकुत्या कागद वाळल्यावरही त्याच जागी आहेत हे तिच्या लक्षात येऊन दोष सांगाड्याकडे गेला असता. तिने मला नंतर सांगितले की त्या रात्री तिला सजावटीपेक्षा लोक काय म्हणतील याची चिंता होती. ती चिंता मी समजू शकते, पण मुलाच्या झोपेत त्याचे काम बदलणे हे कोणत्याही कारणाने करू नये असे माझे ठाम मत आहे. करायचेच असेल तर त्याच्यासमोर आणि त्याला विचारून करावे.

माझ्या बाजूने पाहता, कोणाला काही न विचारता खळीला दोष देणे ही घाई होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोठ्या चांदणीआधी ३० सेंटीमीटर कामट्यांची एक लहान चाचणी चांदणी सगळ्यांनी मिळून करून पाहावी, हे मी सुचवायला हवे होते. तिच्यावर खुणा साडेअकरा सेंटीमीटरवर येतात, टेकू साडेपाचचे, आणि चूक झाली तर एका संध्याकाळीच कळते. शिवाय काम नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाले असते तर मुलाच्या दोन गैरहजेरीच्या संध्याकाळींचा इतका ताण आला नसता.

६ जानेवारी २०२५ रोजी चांदणी उतरवली. कागद सोडवून काढताना नातवाने दोन्ही पोपट जपून कापून घेतले आणि वहीत ठेवले. सांगाडा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला आहे. त्याच्यासोबत नातीने एक चिठ्ठी बांधली असून तिच्यावर ६०, २३ आणि ११ हे तीन आकडे आणि त्यांखाली आजोबांची सही आहे. सही थोडी हललेली आहे, वाचता येते.